अठराव्या वर्षी लेसर, आणि पायलट होण्याचे दार कायमचे बंद



दिवाळीच्या आधी एक मुलगा वडिलांसोबत ओपीडीत आला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलतो, पण मूळ गोष्ट खरी आहे. वय १८ वर्षे ४ महिने. तीन आठवड्यांपूर्वी मोठ्या शहरातल्या एका केंद्रात दोन्ही डोळ्यांचे लॅसिक झालेले. आधीचा नंबर दोन्हीकडे उणे सव्वातीन. आता डोळे लाल, चुरचुर, संध्याकाळनंतर दिव्याभोवती वलये. तपासताना तक्त्यावरची शेवटची ओळ त्याने घडाघडा वाचली. दोन्ही डोळे ६/६.

वडील खूश होते. म्हणाले, "सायेब, नंबर पार गेला की. आता तेवढी लाली घालवा. पोराला विमान चालवायचंय, एअरफोर्समधी."

मी मुलाला विचारले, "लेसर करायच्या आधी हवाईदलाचा नियम वाचला होतास का?"

तो म्हणाला, "अकॅडमीतले सर म्हणले, चष्मा घालवून या, मग बघू."

मी मोबाइलवर यूपीएससीची जाहिरात उघडली, शारीरिक पात्रतेचे परिशिष्ट काढले आणि ती ओळ त्याला वाचायला दिली. लेसर शस्त्रक्रिया वयाच्या २० वर्षांच्या आत झालेली नसावी. त्याने ती दोनदा वाचली. मग विचारले, "सर, डोळे पूर्ण बरे झाल्यावर पण नाही?"

नाही. डोळे पूर्ण बरे झाले तरी नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशीचे वय आता बदलता येत नाही.

हा लेख त्या मुलासाठी नाही, त्याला उशीर झाला. कळंब, भूम, परांडा, उमरग्यापासून तुळजापूरपर्यंत जी मुले-मुली आज चष्म्याकडे शत्रूसारखे बघत आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. आणि ज्यांनी त्यांना हे आधी सांगायला हवे होते, त्यांच्या विरोधात आहे. त्या यादीत मीही आहे, ते पुढे सांगतो.

नियम नेमका काय म्हणतो

लढाऊ विमान असो, हेलिकॉप्टर असो की मालवाहू विमान, हवाईदलाच्या फ्लाइंग ब्रँचमध्ये जायच्या मुख्य वाटा दोन.

पहिली, एनडीए. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. इथे पायलटसाठी एका डोळ्याने ६/६ आणि दुसऱ्याने ६/९ दिसावे लागते. थोडा अधिक नंबर चालतो. उणे नंबर चालत नाही. म्हणजे ज्याला लांबचे दिसायला चष्मा लागतो, त्याला या वाटेने पायलट होता येत नाही. लेसर करूनही येत नाही, कारण लेसर विशीच्या आत मान्य नाही आणि एनडीएचे वय विशीच्या आतच संपते. हिशेब सरळ आहे.

दुसरी वाट पदवीनंतरची. एएफकॅट किंवा सीडीएस. वय २० ते २४. या वाटेवर लेसर केलेला उमेदवार चालतो, पण अटींवर. हवाईदलाच्या निकषांत या अटी अशा छापल्या जात आल्या आहेत:

- शस्त्रक्रिया २० वर्षे वयाच्या आधी झालेली नसावी.
- शस्त्रक्रियेला किमान १२ महिने झालेले असावेत आणि कोणतीही गुंतागुंत नसावी.
- डोळ्याची पुढून मागेपर्यंतची लांबी २५.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी.
- शस्त्रक्रियेनंतर कॉर्नियाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी.
- आधीचा नंबर ६ पेक्षा जास्त नसावा.
- जुन्या पद्धतीची, ब्लेडने चिरा देऊन केलेली आरके शस्त्रक्रिया अजिबात चालत नाही.

आता त्या मुलाचा हिशेब पुन्हा मांडा. उणे सव्वातीन नंबर असताना एनडीएतून पायलट होण्याची वाट बंदच होती. पण पदवीनंतरची वाट उघडी होती. वीस वर्षे पूर्ण झाल्यावर लेसर, एकविसाव्या वर्षी बारा महिने पूर्ण, तोवर पदवी हातात, आणि पुढे चोविसाव्या वर्षापर्यंत प्रयत्न. त्याने फक्त वीस महिने थांबायचे होते. घाईने केलेल्या शस्त्रक्रियेने जे दार उघडे होते तेच बंद केले. वर पैसे मोजून.

इथेच लोकांची गफलत होते. अठरा पूर्ण झाले, नंबर स्थिर असला, तर नेत्रतज्ज्ञ लेसर करू शकतो. त्यात बेकायदा काही नाही. पण वैद्यकीयदृष्ट्या चालणे वेगळे आणि हवाईदलाला चालणे वेगळे. केंद्रात पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दुसरा प्रश्न तिथे कोणी विचारतच नाही.

लेसर डोळ्यात काय करते

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढची पारदर्शक काच. मधोमध तिची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. लॅसिकमध्ये या काचेच्या वरच्या थराची पातळ झडप कापून उघडतात, खालचा भाग एक्सायमर लेसरने घासून चपटा करतात आणि झडप परत बसवतात. पीआरकेमध्ये झडप नसते. वरची नाजूक त्वचा काढून थेट लेसर देतात, त्वचा चार-पाच दिवसांत परत येते. स्माईलमध्ये आतल्या आत एक चकती कापून छोट्या चिरेतून बाहेर काढतात. तिन्हींत एक गोष्ट समान आहे. काच कायमची पातळ होते.

किती पातळ? साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळात लेसर दिले, तर एका नंबरमागे साधारण १४ मायक्रॉन काच जाते. नंबर उणे ५ असेल तर ७० मायक्रॉन. मुळात ५४० असेल तर ४७० उरतात, निकषात बसतात. मुळात ५१० असेल तर ४४० उरतात. त्या मुलाला स्वच्छ ६/६ दिसेल, डॉक्टर पाठ थोपटतील, आणि हवाईदलाच्या मेडिकल बोर्डात तो अपात्र ठरेल. हा हिशेब शस्त्रक्रियेच्या आधी कागदावर दोन मिनिटांत होतो. नंतर केला तर त्याचा काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट. उणे नंबर येतो तो बहुतेक वेळा डोळा लांबट झाल्यामुळे. सर्वसाधारण डोळ्याची लांबी २३ ते २४ मिलिमीटर. एक मिलिमीटर लांबी वाढली की अंदाजे अडीच ते तीन नंबर चढतो. लेसर पुढची काच बदलते, डोळ्याची लांबी बदलत नाही. लांबट डोळ्याचा आतला पडदा ताणलेला असतो, तो कुठे पातळ पडतो, कधी फाटतो. चष्मा गेला तरी पडद्याचा धोका तिथेच राहतो. म्हणून हवाईदल लांबी मोजते. "नंबर गेला म्हणजे डोळा नॉर्मल झाला" हे वाक्य चूक आहे.

वीस वर्षांची अट जाचक आहे का?

मुलाच्या वडिलांनी मला हाच प्रश्न केला. "दिसतंय तर चांगलं. मग वयाचं काय घेऊन बसले?" प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे.

उणे नंबर शाळेच्या वयात सुरू होतो आणि अनेकांचा विशीच्या आसपासपर्यंत वाढत राहतो. अठराव्या वर्षी शून्य केलेला नंबर बाविसाव्या वर्षी उणे पाऊण होऊन परत येऊ शकतो. कारकुनी करायची असेल तर पाऊण नंबरने काही बिघडत नाही. पायलटच्या बाबतीत पाऊण नंबर म्हणजे अपात्र. त्यासाठी पुन्हा लेसर करायचे तर काच आणखी पातळ. ज्या माणसाच्या प्रशिक्षणावर देश वर्षानुवर्षे खर्च करणार, त्याचा डोळा स्थिर असावा ही अपेक्षा गैर नाही.

सावधगिरीमागे इतिहासही आहे. आरके शस्त्रक्रियेचा अमेरिकेत दहा वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा ४३ टक्के डोळ्यांचा नंबर एक किंवा अधिकने उलट दिशेला सरकलेला आढळला. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर बेक वेदर्स या अमेरिकन डॉक्टरची नजर उंचीवर गेली. त्यांचे आरके झालेले होते. विरळ हवेत चिरा दिलेली काच फुगते आणि आकार बदलते. ते कसेबसे जिवंत परतले. लॅसिक आणि पीआरके उंचीवर यापेक्षा पुष्कळ स्थिर राहतात. तरीही अमेरिकेच्या हवाईदलाने लॅसिक केलेल्यांना वैमानिक होण्याची मुभा दिली ती २००७ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रिया जगात रुळल्यावर बऱ्याच वर्षांनी. आपल्या हवाईदलाने तर दार उघडे ठेवले आहे, फक्त उंबरठ्यावर अटी लिहिल्या आहेत.

म्हणून माझी तक्रार नियमाबद्दल नाही. तक्रार ही आहे की नियम इंग्रजीत आणि हिंदीत छापलेला आहे, परिशिष्टात आहे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या मुलापर्यंत मराठीत पोचतो तो त्याच्या नुकसानीनंतर.

बरे होणे म्हणजे काय

लॅसिकनंतर दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसते. त्यामुळे लोकांना वाटते की काम संपले. तसे नसते. कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, त्या वाढायला महिने लागतात. तोवर डोळा कोरडा पडतो. तीन ते सहा महिने कोरडेपणा, रात्री दिव्याभोवती वलये, नजरेत थोडा चढउतार हे सामान्य आहे. काहींना वर्ष लागते. बारा महिन्यांची अट काही कोणाच्या मनात आले म्हणून घातलेली नाही. पायलटला रात्री धावपट्टीचे दिवे पाहायचे असतात, कोरड्या हवेच्या कॉकपिटमध्ये, तासन्‌तास.

झडपेचे एक लक्षात ठेवा. ती चिकटते, पण मूळच्या काचेइतकी घट्ट कधीच होत नाही. जोराचा मार लागून ती वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग करणाऱ्याने हे शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगायलाच हवे.

आता आपल्याकडचे धोके. पुण्यातल्या एसी खोलीतला रुग्ण आणि आपला रुग्ण यांच्यात फरक आहे. हा मुलगा लेसरनंतर नवव्या दिवशी तुळजापूरहून गावाकडे ज्योत घेऊन पळाला. रात्रभर पलित्याचा धूर, रस्त्याची धूळ, घाम, आणि हाताने डोळे चोळणे. घरी आल्यावर सोयाबीनची मळणी सुरूच होती, तिथेही तो उभा राहिला. डोळे लाल झाले तेव्हा मेडिकलमधून तीच स्टेरॉइडची बाटली परत आणून घातली, कारण "त्याने गार वाटतं". नेत्रतज्ज्ञांनी ती ठरावीक दिवसांसाठीच लिहिली होती.

म्हणून लेसर झालेल्यांसाठी स्पष्ट सांगतो:

- पहिला महिना मळणी, भुसा, धूळ, चुलीचा धूर यांपासून लांब. भुशाने डोळ्याला झालेल्या जखमेत बुरशीचा संसर्ग होतो, आणि तो डोळा घालवू शकतो.
- डोळे चोळायचे नाहीत. झोपेतही हात जातो, म्हणून सांगितले तितके दिवस रात्री डोळ्यांवर कवच लावायचे.
- विहिरीत, तळ्यात पोहणे डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद. गुलाल, भंडारा, रंग यांपासून डोळे जपा.
- दुचाकीवर गॉगल घाला. पीआरके झाले असेल तर उन्हातही, कारण त्यात काचेवर धुरकटपणा येण्याचा धोका असतो.
- स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीवर लिहिले तितकेच दिवस. जास्त दिवस घातले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि तो दुखत नाही म्हणून कळत नाही.
- मध, तूप, गुलाबपाणी, कुणाच्या घरची औषधे डोळ्यात घालायची नाहीत.
- एकाएकी दुखायला लागले, दिसणे कमी झाले, डोळ्यापुढे चमका किंवा काळे ठिपके वाढले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे.

या मुलाला मी लगेच नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले. दाब थोडा वाढला होता, थेंब बदलल्यावर उतरला. डोळे आता ठीक आहेत.

जबाबदार कोण

पहिला दोष त्या अकॅडमीचा. भरतीपूर्व शिकवणी चालवणाऱ्यांनी फी घेण्याआधी मुलाचे डोळे तपासून घेतले पाहिजेत. तपासणीला किती वेळ लागतो? नंबर आणि रंगांची ओळख, दोन्ही मिळून वीस मिनिटे. रंगदोष असेल तर तो लेसरने जात नाही, कशानेच जात नाही. अशा मुलाकडून पायलटच्या नावाखाली दोन वर्षे फी घेणे ही फसवणूक आहे. काही ठिकाणी मुलांना असेही शिकवतात की लेसर झाले हे बोर्डात सांगू नका. हा सल्ला मूर्खपणाचा आहे. झडपेची कड स्लिट लॅम्पखाली दिसते, काचेचा नकाशा काढला की चपटा केलेला भाग कळतो. खोटे पकडले गेले तर प्रश्न डोळ्यांचा राहत नाही, सचोटीचा होतो.

दुसरा दोष लेसर केंद्रांचा. "आमचे काम डोळ्याचे, करिअरचे नाही" असे उत्तर मिळते. मग फलकावर गणवेशातला तरुण कशाला? स्वप्न दाखवून गिऱ्हाईक बोलावता, तर त्या स्वप्नाची अट सांगणे तुमचे कर्तव्य आहे. माझी मागणी साधी आहे. संमतिपत्रावर मराठीत एक प्रश्न छापा: "ही शस्त्रक्रिया सैन्य, नौदल, हवाईदल किंवा पोलीस भरतीसाठी करत आहात का?" उत्तर हो असेल आणि वय विशीच्या आत असेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकला. एक गिऱ्हाईक दोन वर्षे उशिरा येईल, इतकेच.

तिसरा दोष आपला, पालकांचा. मुलाच्या लेसरमागे भरती आणि मुलीच्या लेसरमागे लग्न, अशी आपल्याकडची रीत. २०१६ पासून मुली लढाऊ विमाने चालवत आहेत, २०२२ पासून एनडीएत आहेत. तेव्हा मुलीचा चष्मा "स्थळ येईना" म्हणून अठराव्या वर्षी घालवताना तिला एकदा विचारा, तिला काय व्हायचे आहे.

चौथा दोष माझा. हा मुलगा शस्त्रक्रियेआधी माझ्याकडेच आला होता. रक्ताच्या तपासण्या आणि फिटनेस सर्टिफिकेटसाठी. बाहेर रांग होती. मी छाती तपासली, रक्तदाब पाहिला, साखर पाहिली आणि सही केली. कशासाठी करतोस, हे विचारले नाही. विचारले असते तर तो सांगणार होता. त्याचा चेहराच सांगत होता. तीस सेकंदांचा प्रश्न होता. तेव्हापासून लेसरसाठी फिटनेस मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी वय आणि कारण विचारतो. माझ्या व्यवसायबंधूंनीही विचारावे.

मग करायचे काय

आठवी-नववीत असतानाच डोळे तपासा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. तिथे नंबर आणि रंगदृष्टी दोन्ही बघायला सांगा.

नंबर असेल तर चष्मा लावा. चष्मा लावल्याने नंबर वाढतो हा गैरसमज आहे. मुलाला रोज मोकळ्या उजेडात खेळू द्या, त्याने नंबर लागण्याचे प्रमाण कमी होते असे अभ्यासांत दिसले आहे.

उणे नंबर आहे आणि हवाईदलात उडायचेच आहे, तर वीस पूर्ण होईपर्यंत लेसरचे नाव काढू नका. बारावीला गणित-भौतिकशास्त्र ठेवा, पदवीला ६० टक्के मिळवा. वीसनंतर, नंबर किमान वर्षभर स्थिर असेल तर, काचेची जाडी, काचेचा नकाशा, डोळ्याची लांबी आणि पडदा या चार तपासण्या करा. आकडे निकषात बसत असतील तरच शस्त्रक्रिया. लहानपणापासून डोळे खाजवायची सवय असेल तर ते आवर्जून सांगा, अशा मुलांत काच मुळातच कमकुवत असू शकते. त्या वर्षीच्या जाहिरातीतले परिशिष्ट स्वतः वाचा आणि त्याची प्रत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. शस्त्रक्रियेची तारीख, आधीचा नंबर आणि सगळे रिपोर्ट जपून ठेवा.

आणि ज्यांचे दार बंद झाले त्यांच्यासाठी. नागरी विमानाच्या पायलटला चष्मा चालतो, लेसर झालेला डोळाही स्थिर असेल तर तपासणीनंतर चालतो. गोंदिया आणि बारामतीला विमान चालवण्याचे शिक्षण मिळते. खर्च मोठा आहे, हे लपवत नाही.

तो मुलगा परवा पुन्हा आला होता. वलये कमी झाली आहेत. बीएस्सीला प्रवेश घेतला आहे. सोबत धाकटा भाऊ होता, दहावीतला, चष्मा लावलेला. म्हणाला, "सर, ह्याला पण तेच व्हायचंय. ह्याला आत्ताच सांगून ठेवा."

मी त्याला कागदावर तारीख लिहून दिली, त्याच्या विसाव्या वाढदिवसाची. त्याच्या आधी लेसर नाही.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. शस्त्रक्रियेचा निर्णय आपल्या नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्याने आणि चालू वर्षाची भरतीची जाहिरात वाचूनच घ्यावा.)